जयपूरची निळाई

कुंभारकाम म्हटले की फिरते चाक आणि त्यावर चढत जाणारा मातीचा गोळा डोळ्यांपुढे येतो. जयपूरच्या निळ्या भांड्यांत मात्र कुंभाराची माती नसतेच. गारगोटीची पूड, दळलेली काच, थोडी मुलतानी माती, सज्जी आणि कतिरा डिंक एकत्र मळून त्यांचा लगदा होतो. त्याला मातीचा चिवटपणा नसतो. म्हणून तो पोळीसारखा लाटून साच्यात दाबावा लागतो. चाक लागते ते भांड्याचा गळा व बैठक घडविण्यापुरते. आकाराच्या बाबतीत हात असा बांधलेला असल्यामुळे कारागिराची सारी प्रतिभा पृष्ठभागावरील चित्रणाकडे वळते. या कलेला विसाव्या शतकात नवा जन्म देणारे कृपालसिंह शेखावत मूळचे चित्रकार असावेत, हे त्यामुळे स्वाभाविकच वाटते.

शेखावाटीतील मऊ या गावी १९२२ साली त्यांचा जन्म झाला. शांतिनिकेतनात ते नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले आणि भारतीय राज्यघटनेच्या मूळ प्रतीच्या सजावटीतही त्यांचा सहभाग होता. पुढे त्यांनी जपानमध्ये पौर्वात्य कलांचा अभ्यास केला. दिल्लीच्या बिर्ला भवनातील गांधीजींच्या जीवनावरील भित्तिचित्रे त्यांचीच.

महाराजा सवाई रामसिंह यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकात, जयपुरात रुजलेली ही कला विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ लुप्त झाली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि महाराणी गायत्रीदेवी यांच्या प्रोत्साहनाने कृपालसिंह तिच्याकडे वळले. भित्तिचित्रात सरावलेला हात येथे जसाच्या तसा चालणारा नव्हता. कोबाल्ट ऑक्साइड रंगविताना काळपट दिसते. तांब्याचे ऑक्साइडही तसेच. पहिल्यापासून निळा आणि फिरोजी दिसतो तो केवळ चित्रकाराच्या मनाला. सच्छिद्र पृष्ठभाग कुंचल्यातील रंग तत्काळ शोषून घेतो, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. त्यावर काचेच्या पुडीचा लेप चढतो आणि सुमारे ८०० अंश सेल्सियसच्या भट्टीत सारे एकदाच भाजले जाते. भट्टी थंड होऊन उघडेपर्यंत अनेक दिवसांच्या श्रमाचे काय झाले, हे कोणालाही सांगता येत नाही.

कृपालसिंहांनी फारसी वळणाच्या फुलापानांना आपल्या रेषेचा डौल दिला आणि रूढ निळ्याच्या जोडीला नव्या छटा आणल्या. सवाई रामसिंह शिल्पकला मंदिरात आणि पुढे आपल्या ‘कृपाल कुंभ’ या कार्यशाळेत त्यांनी अनेकांना शिकविले. १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००८ साली ते निवर्तले.

या पुनरुज्जीवनाची दुसरी बाजूही आहे. आज जयपूरच्या बाजारात निळ्या फुलांच्या दारमुठी आणि फरश्या ढिगांनी विकल्या जातात. शेकडो घरांची चूल त्यावर पेटते, म्हणून त्यांना नाक मुरडणे सोपे नाही. परंतु एकच फूल दिवसभर गिरविणाऱ्या हाताला, काळपट रंगात निळाई पाहणाऱ्या डोळ्याची गरज क्वचितच पडते.