अगत्तीची आखूड धावपट्टी

पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो, त्यावरून मालदीवशी झालेली जुंपाजुंपी आणि एप्रिलात गोव्याहून अगत्तीला सुरू झालेलं थेट विमान. २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांत हे सगळं होऊन गेलं. पाठोपाठ मिनिकॉयला नवा विमानतळ आणि अगत्तीच्या धावपट्टीची वाढ, असे बेतही पुढे आले. लक्षद्वीप जवळ आलं, असं आपण धरून चाललो. पण तिथे किती जण उतरणार, हे ठरवते अगत्तीची धावपट्टी. ती आहे जेमतेम १,२०० मीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर आहे.

अगत्ती बेट सुमारे सात किलोमीटर लांब आणि फुगून फुगून एक किलोमीटर रुंद. दक्षिणेच्या निमुळत्या टोकावर १९८८ साली ही पट्टी सुरू झाली आणि वायुदूतची छोटी डॉर्निअर विमानं उतरू लागली. त्याआधीच्या डिसेंबरात राजीव गांधी शेजारच्या बंगारमला सुट्टीवर गेले होते आणि त्यावरून बराच गदारोळ झाला होता. लक्षद्वीपमध्ये आजही विमानासाठीची ही एकच धावपट्टी आहे. राजधानी कवरत्तीतसुद्धा नाही.

इथे एटीआर-७२ उतरतं, पण त्याची मिजास चालत नाही. पूर्ण भरलेल्या या विमानाला उड्डाणासाठी साधारण १,३०० मीटर लागतात. उष्ण हवा विरळ, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते. पावसात पट्टी ओली, त्यामुळे ब्रेकला जास्त अंतर लागतं. त्यात उतरता आलं नाही तर साडेचारशे किलोमीटरवरच्या कोचीला परतण्याइतकं इंधन हवंच, कारण मध्ये कुठे टेकायला जागा नाही. हे सगळं सांभाळायचं तर वजन कमी करावं लागतं, म्हणजे काही जागा रिकाम्या ठेवायच्या. विमान कंपनीच्या हिशेबनीसाला हे खुपतं. मला ते बेटाचं संरक्षण वाटतं.

कारण पट्टी वाढवायची म्हणजे खडकात खणायचं नाही, प्रवाळावर भराव घालायचा. अगत्ती, कदमत आणि कवरत्तीच्या प्रवाळांवर निसर्ग संवर्धन प्रतिष्ठानचे रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी १९९८ पासून नजर ठेवून आहेत. त्या वर्षीच्या उष्ण लाटेनंतर २०१० आणि २०१६ सालीही समुद्र तापला, आणि २०२२ पर्यंत जिवंत प्रवाळाचं आच्छादन जवळपास निम्म्यावर आलं. प्रवाळ आपला चुना साठवत वाढतं आणि लाटांना अडवतं. ते थांबलं की लाटा थेट वाळूच्या बेटावर. आपण धावपट्टी लांबवणार आणि जमीन मात्र झिजत जाणार, असा हा व्यवहार आहे. गोड्या पाण्याचं तर विचारूच नका: वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर, त्यातून आणखी किती हॉटेलांच्या टाक्या भरणार?

बेटावरच्या माणसाला मोठं विमान नको, असं मात्र मी म्हणणार नाही. हृदयविकाराच्या रुग्णासाठी, कोचीत शिकणाऱ्या मुलांसाठी ते हवंच; जहाजाला चौदा ते वीस तास लागतात. तेव्हा पहिल्या रांगा त्यांच्या, उरतील त्या पर्यटकांच्या, असा नियम तिकीटखिडकीवर लावायला भराव घालावा लागत नाही.