शिंद्यांची चांदीची आगगाडी आणि मोबाइलमधलं बटण

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात आलेले पर्यटक दरबार हॉलमधली झुंबरं बघताना मान मोडून घेतात. माझ्या मते तिथली खरी करामत जेवणाच्या टेबलावर आहे. लांबलचक मेजावर रूळ घातलेले आणि त्यांवर विजेवर चालणारी चांदीची छोटी आगगाडी. डब्यांवर काचेच्या सुरया. सात डब्यांवरची रोमन अक्षरं ओळीने वाचली की ‘सिंदिया’ होतं. जेवणं आटोपली की ही गाडी ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून फिरायची. एखाद्याने सुरई उचलली की वीजप्रवाह तुटून गाडी जागच्या जागी थांबे, परत ठेवली की पुढे निघे. पाहुण्याला काही शिकवावं लागत नसे.

गाडी करवून घेणारे महाराज म्हणजे माधवराव शिंदे (1876–1925). नावाने घोटाळा नको: 1988 साली पहिली शताब्दी एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हाचे रेल्वे राज्यमंत्री माधवराव हे त्यांचे नातू. आजोबांचं रेल्वेवेड टेबलापुरतं नव्हतं. ग्वाल्हेर ते श्योपुर कलाँ ही सुमारे 200 किलोमीटरची, जेमतेम दोन फुटी रुळांची लाइन त्यांच्याच संस्थानाची. ब्रॉडगेजच्या कामासाठी ती 2020 मध्ये बंद झाली.

आज घरचे दिवे-पंखे मोबाइलवर घेणारी हौशी मंडळी जे करतात, त्याचा सांगाडा या टेबलावर आधीच दिसतो: एका टोकाला यंत्र, दुसऱ्या टोकाला हुकूम देणारा, आणि मध्ये काय घडलं ते कळवणारा संपर्क. फरक इतकाच की रुळांची जागा वाय-फायने घेतली. 2014 साली शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ‘ईएसपी8266’ ही स्वस्त चिप बाजारात आली आणि हा छंद सामान्यांच्या आवाक्यात आला. चिप 3.3 व्होल्टवर चालते, घरची वीज 230 व्होल्टची. दोहोंमध्ये रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा खटका असतो. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकलं की संदेश राउटरमार्फत चिपकडे जातो, रिले ‘टिक’ करतो आणि दिवा लागतो. या संदेशांसाठी बहुतेक जण ‘एमक्यूटीटी’ वापरतात. ती पद्धत 1999 मध्ये तयार झाली ती दूरवरच्या तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी. स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट तेव्हा कोणाच्या मनातही नसेल.

ॲप सोपं करणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. मोबाइलवरून दिवा लावला आणि आजींनी भिंतीवरचं बटण दाबून तो बंद केला, तर ॲप अजून ‘चालू’च दाखवतं. अशा ॲपवर घरातल्यांचा विश्वास दोन दिवसांत उडतो. म्हणून चांगल्या रचनेत पडद्यावरचं चित्र आपल्या हुकमावरून ठरत नाही. दिव्याची खरी स्थिती चिप कळवते, त्यावरून ते बदलतं. सुरई उचलल्याचं गाडीला कळायचं, तसंच हे.

शिवाय भिंतीवरचं बटण काढून टाकू नये. जिन्यातल्या दिव्याला खाली-वर दोन बटणं असतात, त्याच जोडणीने रिले आणि जुनं बटण एकत्र नांदतात. वाय-फाय गेलं तरी अंधारात बसावं लागत नाही. चांदीच्या गाडीचंही एकदा व्हाइसरॉयच्या मेजवानीत बिनसलं म्हणतात. नियंत्रणफलकात शॉर्टसर्किट झालं आणि गाडी थांबायचं नाव घेईना. पाहुण्यांच्या कपड्यांवर जेवण सांडत ती सुसाट धावत राहिली. ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’ या पुस्तकात ही कथा वाचायला मिळते. थोडं मीठमसाला लावलेली असेल, पण हाताशी साधा खटका का हवा ते त्यातून नेमकं कळतं.

रिले निवडताना भारही बघावा. दिव्यांना आणि पंख्यांना बाजारातला 10 अँपिअरचा रिले पुरतो. 2000 वॉटचा गीझर एकटाच पावणेनऊ अँपिअर ओढतो, आणि पाण्याच्या पंपाची मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट वीज घेते. तिथे कॉन्टॅक्टर (जास्त भार पेलणारा रिले) बसवावा, तोही जाणत्या वायरमनकडून.