काउंटरच्या पलीकडे

गेल्या महिन्यातली गोष्ट. शेजारच्या बाई सकाळीच आमच्या सोप्यात येऊन बसल्या. चहा पुढे ठेवला, तर कपाला हात लावेनात. त्यांची धाकटी मुलगी नर्स आहे. आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे, तिथल्या मिशनच्या एका दवाखान्यात दोन वर्षं सेवेला जायचं म्हणते. पगार नाही, राहणं आणि जेवण तेवढं मिळणार. घर ख्रिस्ती, नेमानं प्रार्थनेला जाणारं. पण आईचा जीव तो आईचाच.

"दादा, हितं आजारी माणसं कमी हैत व्हय? तुम्ही तरी सांगा की तिला."

मी काय सांगणार? बँकेच्या नोकरीत मी बदल्या पुष्कळ भोगल्या, पण त्या महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात. संध्याकाळी मुलगी आली. "काका, आई म्हणाली म्हणून आले. जायचं तर ठरलंय. भीती एकच वाटते. तिथं मला कुणी आपलं म्हणेल का?"

हा प्रश्न ऐकला आणि मला माझी आजी आठवली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मुरगूडहून एसटीनं कोल्हापूर आणि तिथून रेल्वेनं मिरज, असा तिला घेऊन वडिलांनी प्रवास केला. मोठं दुखणं म्हटलं की आमच्या भागातली माणसं मिरजेच्या 'मिशन'ची वाट धरत. आजी परतली ती दिसायला लागलं याचं कौतुक थोडं आणि दुसऱ्याच गोष्टीचं जास्त करत. "गोरा डागदर मला 'आई' म्हणाला गं!" हे तिनं गल्लीभर सांगितलं.

त्या एका 'आई' शब्दामागे केवढी मेहनत होती, हे मला फार उशिरा कळलं. मिरजेचं हे काम उभं केलं ते डॉ. विल्यम वानलेस यांनी. जन्म कॅनडातला, १८६५चा. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते पत्नी मेरी यांच्यासह १८८९मध्ये इकडे आले. सुरुवात सांगलीतल्या छोट्या दवाखान्यापासून झाली. मिरजेचं रुग्णालय १८९४मध्ये सुरू झालं. पुढे त्यांनी इथल्याच तरुणांना वैद्यकी शिकवली. जवळजवळ चाळीस वर्षं काढून ते १९२८मध्ये परत गेले. आज कोल्हापुरातलं एक रुग्णालय मेरीबाईंच्या नावानं ओळखलं जातं आणि सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला लोक वानलेसवाडी म्हणतात. परक्या माणसाचं नाव वाडीला लागावं, याहून मोठा रहिवासी दाखला कोणता?

आपण ही माणसं नेहमी रोग्याच्या बाजूनं पाहिली. त्यांचा पहिला उन्हाळा कसा गेला असेल, हे कुणी विचारलं नाही. आल्या आल्या मिशनऱ्यांना मराठी शिकावी लागे, तिच्या परीक्षा द्याव्या लागत. पदवी घेतलेला डॉक्टर पंतोजींसमोर बसून बाराखडी गिरवतो आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला होता, म्हणून निदान शब्द तरी हाताशी होते.

सिंथिया फरार १८२७च्या अखेरीस मुंबईला पोचल्या, तेव्हा तोही नव्हता. अमेरिकेतली ही अविवाहित शिक्षिका मुलींना शिकवायला एकटी आली आणि १८६२मध्ये अहमदनगरलाच तिनं देह ठेवला. तिची नगरची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. त्याहीआधी, १५७९मध्ये, इंग्लंडचा थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरला. भाषा त्यानं इतकी आपलीशी केली की त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६मध्ये मराठी ओवीत छापलं गेलं.

ही मंडळी धर्मप्रसारासाठी आली होती, हे झाकायचं कारण नाही. त्यापायी घरं दुभंगली. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या जिवाचं काय झालं, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे. मुलीलाही मी हे सांगितलं. "तू कुणाकडे कशासाठी जातेस, हे तिथली माणसं तुला विचारणार. त्याचं उत्तर तुझ्यापाशी सरळ असू दे."

मग मी तिला माझी गोष्ट सांगितली. माझी पहिली लांबची बदली तळकोकणात झाली. मी घाटावरचा, त्यात कर्ज देणारा साहेब. सगळे नमस्कार करत, पण घरी कुणी बोलवत नसे. मालवणी बोलणं अर्धं डोक्यावरून जाई. सहा महिने असेच गेले. मग पावसाळ्यात तापानं पडलो. तीन दिवस दार उघडलं नाही, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या पेजेचं भांडं घेऊन आल्या. बरोबर भाजलेला सुका बांगडा. त्या वासानं एरवी मी नाक दाबलं असतं. त्या दिवशी भांडं चाटून पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून गाव माझ्याशी बोलायला लागलं.

तोवर मी फक्त देत होतो. देणारा माणूस काउंटरच्या अलीकडे असतो, त्याला लोक मान देतात. पलीकडे जाऊन कुणाच्या हातचं घेतल्याशिवाय माणूस गावचा होत नाही. आजीला डॉक्टरांनी डोळे दिले; पण 'आई' हा शब्द त्यांनी कधीतरी इथल्याच कुणाकडून घेतला होता. आजीला नेमकं तेच कळलं होतं.

"म्हणजे मी काय करू?" तिनं विचारलं.

"पहिले काही महिने शिकवू नकोस, विचार. बाजारात भाजीचं नाव विचार. पाणी कुठून आणतात ते बघ आणि त्या बायांबरोबर चाल. हिवतापाची काळजी घे. आजारी पडलीस तर शेजारणीला कळू दे, लपवू नकोस. आणि बोलावलं की जेवायला जा."

मलावीत मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवतात, त्याला न्सिमा म्हणतात; तो कालवणाबरोबर हातानं खातात. हे ऐकून ती हसली. "हातानंच ना? मग निम्मं जमलं."

खरंच, वानलेससाहेबांना जे शिकावं लागलं असेल, ते तिला आईनं लहानपणीच शिकवलं आहे.

ती आता तिथली चिचेवा भाषा शिकते आहे. पहिला शब्द कोणता शिकलीस, असं मी परवा विचारलं. "झिकोमो. म्हणजे आभारी आहे."

तिची आई अजून गप्पच असते. मात्र कांदा-लसणाची चटणी कुटून झाली आहे. डबे दोन भरलेत. दुसरा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "शेजारणीला द्यायला लागंल की हो दादा. ती बी कायतरी दील."