डोळ्यांत पाणी, तरी डोळा कोरडा!

डोळ्यांतून सारखे पाणी वाहते आणि डॉक्टर म्हणतात, "तुमचे डोळे कोरडे पडलेत!" हे ऐकून मला हसूच आले. पण वाचकहो, ते खरे निघाले.

कचेरीत दिवसभर संगणकासमोर बसून माझे डोळे चुरचुरत. संध्याकाळी वाळू गेल्यासारखे खुपत. औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणली. एका दिवसात लाली गेली! मग बाटली संपली की दुसरी, असे चार महिने चालले. कुणी मध घालायला सांगितला, कुणी गुलाबपाणी. तेही केले. शेवटी सौ.ने हट्ट धरला, तेव्हा सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात केसपेपर काढला.

डॉक्टर बाईंनी आधी बाटली पाहिली. "यात स्टेरॉइड आहे. मनाने घालत राहिलात तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही." माझ्या अंगावर काटाच आला. दाब मोजला, तो थोडा वाढलेला होता. वेळेवर आलो म्हणून निभावले.

मग डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात तपासले. नंतर खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी पाच मिनिटे अडकवली. ती 10 मिलिमीटरच्या पुढे भिजायला हवी. माझी 6 भिजली.

अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून तेल येते, ते पाणी उडू देत नाही. तेल कमी पडले की डोळा सुकतो, टोचतो आणि मग भळाभळा पाणी येते. पण ते टिकत नाही. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे पाहताना मात्र ते विसरतो.

हा त्रास केवळ कचेरीवाल्यांचा नाही. शिलाई मशीनवर बसणाऱ्या भगिनी, चुलीचा धूर, बांधकामाची धूळ, रात्री मोबाइल पाहणारी मुले, पाळी गेलेल्या स्त्रिया, मधुमेही या साऱ्यांना तो होऊ शकतो. सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही होतो. तोंड कोरडे पडत असेल, सांधे दुखत असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे.

मला कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले. शिवाय कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने रोज पापण्या शेकायच्या, पंख्याचा झोत तोंडावर घ्यायचा नाही आणि दर 20 मिनिटांनी 20 सेकंद दूर पाहायचे. आता बराच आराम आहे. मात्र डोळा ठणकला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. विहारात आपण ते ऐकतो आणि दुकानदाराची बाटली मात्र डोळे मिटून डोळ्यात घालतो! ती चूक मी केली. तुम्ही करू नका. घरात अशी बाटली असेल तर आजच ती घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जा.

जयभीम!