कात्री, श्लेष आणि कार्टून

अर्थ शब्दात असतो की ऐकणाऱ्यात, या प्रश्नासाठी आज आपण कार्टूनकडे जाणार आहोत. हसू नका, विषय गंभीर आहे!

वॉर्नर ब्रदर्सचं १९४२ सालचं 'अ टेल ऑफ टू किटीज' घ्या. दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेट. ट्वीटी पहिल्यांदा पडद्यावर आला तो यात. दोन बोके पिल्लाच्या मागे लागलेत. खालचा वरच्याला ओरडून सांगतो, 'गिव्ह मी द बर्ड!' साधा अर्थ, पक्षी माझ्याकडे दे. पण अमेरिकन बोलीत 'पक्षी देणं' म्हणजे हुर्यो करणं, असभ्य खूण करणं. वरचा बोका प्रेक्षकांकडे वळून म्हणतो की, हेज ऑफिसनं करू दिलं असतं तर दिलाच असता की!

हेज ऑफिस म्हणजे हॉलिवूडचं स्वतःचं सेन्सॉर. नियम १९३० चे, कडक अंमल १९३४ पासून. त्याच धाकानं बेटी बूपचा स्कर्टही लांब झाला.

आता बघा, बोका अश्लील काहीच बोलत नाही. आपल्याला काहीतरी करू देत नाहीत, एवढंच तो सांगतो. मग कात्री चालवायची कशावर? फिल्मवर आहे ते निर्दोष, आणि सदोष आहे ते प्रेक्षकाच्या डोक्यात. आनंदवर्धनानं नवव्या शतकात वाच्यार्थाच्या पलीकडचा ध्वनी सांगितला, तो हाच. आणि गोची अशी, की तो पकडायचा तर सेन्सॉरला आधी कबूल करावं लागतं, 'मलाही कळला बरं का!'

कोणी म्हणेल, ही मुलांची फसवणूक झाली. तर ती जुनी कार्टून्स थिएटरात मुख्य चित्रपटाआधी, लहानथोर सगळ्यांसमोर लागत. टीव्हीनं ती पुढे मुलांची केली. पण १९९३ साली सुरू झालेलं 'ॲनिमेनिॲक्स' तर मुलांच्याच वेळात लागायचं. त्यात गुन्ह्याचा तपास चाललाय. डॉटला 'प्रिंट्स' शोधायला सांगतात, तर ती गायक प्रिन्सलाच उचलून आणते. 'नाही, नाही, फिंगरप्रिंट्स!' असं म्हटल्यावर ती त्याच्याकडे बघते आणि साफ नकार देते. मोठ्यांना 'फिंगर प्रिन्स' ऐकू येतं. 'फिंगर' हे क्रियापद धरलं की लैंगिक अर्थ निघतो.

आम्ही इथे एक कसोटी लावतो. मोठ्यांचा अर्थ काढून टाका. मुलासाठी काही उरतं का? इथे उरतं. ठशांऐवजी माणूस आणला, हा घोटाळा मुलाला पुरेसा आहे. त्याचा विनोद अर्धा नाही, पुरा आहे. काहीच उरत नसेल, तर मूल केवळ मोठे हसले म्हणून हसतं. ते हसू उसनं, आणि तिथे फसवणुकीचा आरोप खरा ठरतो.

मूल विचारेल, 'आजोबा, तुम्ही का हसलात?' विनोद चांगला असेल तर खोटं न बोलता पहिल्या अर्थाकडे बोट दाखवता येतं. थाप मारावी लागली, तर तो विनोद मुलाचा नव्हताच.

आता पुढच्या वेळेसाठी प्रश्न घेऊन जा. जे बोललंच गेलं नाही, त्याची जबाबदारी कोणाची, सुचवणाऱ्याची की समजणाऱ्याची?