'ईना मीना डीका'चा अर्थ काय?

मागच्या महिन्यात घरी, धामणगाव रेल्वेला, एका लग्नाला गेलो होतो. वरातीत बँडवाल्यांनी 'ईना मीना डीका' वाजवलं आणि सात वर्षांच्या भाच्यानं विचारलं, "मामा, ह्याचा मतलब काय हाय?" बीटेक झालेला मामा गप्प! म्हणून आजचा एपिसोड त्याच्यासाठी.

आधी जरा अमेरिकेत जाऊ. सप्टेंबर १९५५. न्यू ऑर्लिन्समध्ये लिटल रिचर्डनं 'टूटी फ्रूटी' रेकॉर्ड केलं. गाणं सुरूच होतं निरर्थक अक्षरांनी. का? डोक्यातला ड्रम तो तोंडानं वाजवत होता. रॉक अँड रोलची गंमत इथंच आहे. एक-दोन-तीन-चार मोजा आणि टाळी फक्त दोन आणि चारवर द्या. पाय हलायला लागला ना? हाच बॅकबीट. त्यावर छोटी, टणक अक्षरं मस्त उडतात. आपल्याला हे नवीन नाही. तबला शिकणारा पोरगाही बोल आधी तोंडानं म्हणतो, मग हातानं वाजवतो.

आता १९५७. सिनेमा 'आशा', गीतकार राजेंद्र कृष्ण, संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. किस्सा असा सांगतात: खोलीबाहेर खेळणारी पोरं इंग्रजी 'ईनी मीनी' म्हणत होती. तेवढ्यावरून मुखडा सुचला. पुढचे काही शब्द त्यांचे गोव्याचे साथीदार जॉन गोम्स यांनी जोडले, आणि वाढवता वाढवता त्यात 'मला नको' अशा अर्थाची कोकणीही शिरली. एकदा किशोर कुमार, एकदा आशा भोसले, अशी दोन गाणी झाली. हिंदी सिनेमातलं सुरुवातीचं गाजलेलं रॉक अँड रोल म्हणून आजही याचंच नाव घेतात.

पण हे आभाळातून पडलं नाही. १९५१ चा 'अलबेला' आठवा. तो काढला भगवान दादांनी, ज्यांचा जन्म आपल्या अमरावतीचा! संगीत चितळकरांचंच, आणि पडद्यावर ट्रम्पेट घेऊन दिसतो आल्डोन्याचा चिक चॉकलेट. गोव्याची ही मंडळी चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य नोटेशन शिकलेली. मुंबईत हॉटेलात जॅझ वाजवायची आणि सिनेमाच्या स्टुडिओतही. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा, अरेंजर ती प्रत्येक वाद्यासाठी कागदावर लिहायचा. म्हणून रॉक अँड रोल आलं तेव्हा ते वाजवणारे हात मुंबईत तयार होते.

पुढं १९६१ मध्ये 'जंगली'त शम्मी कपूरची ती प्रसिद्ध आरोळी आली. तिचाही अर्थ कुणी विचारला नाही. १९९४ मध्ये तर 'ईना मीना डीका' नावाचा अख्खा सिनेमा निघाला.

एक गोष्ट मात्र खटकते. माझ्या कामात कोडची प्रत्येक ओळ कुणी लिहिली ते एका क्लिकवर दिसतं. त्या काळच्या तबकडीवर गायक, संगीतकार, गीतकार असायचे. अरेंजर आणि वादक सहसा नसायचेच. गाणं सगळ्यांना पाठ, पण गोम्स किती जणांना माहीत?

भाच्याला फोन करून सांगितलं, "अर्थ नाही रे, तो तोंडानं वाजवलेला ड्रम आहे." तो म्हणे, "मंग मी बी वाजवतो!" आणि डबा बडवायला लागला.

आज हेडफोन लावून गाणं पुन्हा ऐका. या वेळी शब्द सोडा, मागची वाद्यं ऐका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!