मागे खोडताना अक्षर अर्धंच का जातं?

माझी मावशी कऱ्हाडची. चौतीस वर्षं तिने पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षरं गिरवायला शिकवलं. गेल्या दिवाळीत फोनवर एका निरोपाला उत्तर लिहिताना तिला स्वतःच्या गावाचं नाव लिहिता येईना. ‘कर्हाड’ असं उमटायचं, ह च्या डोक्यावर रफार. रफार खोडायला जावं तर आधी काना जायचा, मग ह. शेवटी तिने सगळं पुसलं, रोमन अक्षरांत उत्तर पाठवलं आणि म्हणाली, “अगं, आपली लिपी या यंत्रांसाठी झालेलीच नाही.”

हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या, मराठीवर जीव असलेल्या अनेकांकडून ऐकलं आहे. त्यांची तक्रार खरी आहे, पण तिचं कारण ते सांगतात ते नाही. आणि या कारणावर विश्वास ठेवला की माणूस चूक दिसत असूनही ती तशीच सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी खोडण्याचं पाहू. ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर. संगणक मात्र ते सहा चिन्हांत साठवतो: स, पायमोडीची खूण, त, पुन्हा पायमोडीची खूण, र आणि दुसरी वेलांटी. बॅकस्पेस दाबला की यातलं शेवटचं एक चिन्ह जातं. म्हणून ‘स्त्री’ पुसायला सहा वेळा कळ दाबावी लागते आणि मधेच ‘स्त्’ असं पाय मोडलेलं काहीतरी दिसतं. पुष्कळांना वाटतं की यंत्र बिघडलं किंवा फॉन्ट खराब आहे. तसं काही नसतं. ही रीत मुद्दाम ठेवलेली आहे, आणि ती उपयोगीही आहे. ‘किर्ती’ असं चुकून लिहिलं असेल, तर कर्सर ‘कि’ च्या पुढे नेऊन एकदाच बॅकस्पेस दाबायचा. क जागेवर राहतो, फक्त वेलांटी जाते, आणि दुसरी वेलांटी दिली की ‘कीर्ती’ झालं. उलट दिशेने खोडणारी डिलीट कळ बऱ्याच प्रोग्रामांत अख्खं अक्षर एकदम काढते. म्हणजे शेवटची काना-मात्रा काढायची तर बॅकस्पेस आणि पूर्ण अक्षर काढायचं तर डिलीट. हा फरक कुणी सांगतच नाही.

वेलांटीबद्दल आणखी एक घोटाळा होतो. पहिली वेलांटी दिसते क च्या आधी, म्हणून ती काढायला लोक कर्सर क च्या मागे नेतात आणि भलतंच अक्षर घालवून बसतात. साठवताना ती क च्या नंतरच असते. मावशी वर्गात म्हणून घ्यायची, ‘क ला पहिली वेलांटी कि’. संगणकातला क्रम अगदी हाच आहे. मराठी टंकलेखन यंत्रावर आधी वेलांटीची कळ दाबत आणि मग अक्षराची, कारण तिथे कागदावर डावीकडून उजवीकडे आकार ठोकायचे होते. संगणकाने आकाराचा नाही, उच्चाराचा क्रम धरला.

आणि तो कुणा परक्याने लादलेला नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यातल्या देवनागरीच्या १२८ जागांची मांडणी भारतीय संगणकांसाठी १९८८ मध्ये तयार झालेल्या इस्की या संकेतावरून घेतलेली आहे. व्यंजनात अ धरलेला असतो, पाय मोडला की तो जातो, मग पुढचं व्यंजन जोडता येतं, हा आपल्या शाळेतलाच विचार त्यात उतरला आहे. त्यामुळे लिपी यंत्राला जुळत नाही, हे म्हणणं टिकत नाही.

मग मावशीचा रफार का निघेना? इथे मात्र दोष साधनांचा आहे. ‘अर्थ’ मध्ये रफार थ च्या डोक्यावर दिसतो, पण साठवलेला असतो थ च्या आधी: र, पायमोड, मग थ. बॅकस्पेस दाबला की थ जातो आणि ‘अर्’ उरतं. कर्सर मधे, पायमोडीपाशी नेता आला असता तर काम झालं असतं, पण अनेक प्रोग्राम तो तिथे थांबूच देत नाहीत. काही ठिकाणी उलट तो जोडाक्षराच्या पोटात थांबतो आणि आपल्याला कळतही नाही. अक्षराची हद्द कुठे मानायची, याचा युनिकोडचा सर्वसाधारण नियमच बरीच वर्षं पायमोडीपाशी तुकडा पाडत होता. त्या हिशोबाने ‘स्त्री’ ची तीन अक्षरं होत. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत नियम बदलला आणि देवनागरी जोडाक्षर एकसंध धरलं जाऊ लागलं. नियम बदलला म्हणून प्रत्येक फोनमधला प्रोग्राम त्याच दिवशी बदलत नाही. तोवर रफाराची चूक दुरुस्त करायचा सोपा उपाय एकच: ते अख्खं जोडाक्षर काढायचं आणि पुन्हा लिहायचं.

आता कऱ्हाड. ‘वऱ्हाड, गुऱ्हाळ, दऱ्या संगणकावर लिहिताच येत नाहीत’ हा समज इतका पसरला आहे की छापील मजकुरातही ‘वर्हाड’ दिसू लागलं आहे. मराठीला हे सोसणारं नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ दिलेली दक्षिणा आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली मजुरी यांत फरक आहे. ही सोय युनिकोडमध्ये आहे. साध्या र ऐवजी खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि य किंवा ह जोडायचा. इनस्क्रिप्ट कळफलकावर र ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर शिफ्ट धरला की ऱ मिळतो.

इनस्क्रिप्ट अवघड असतो, असंही लोक न वापरताच म्हणतात. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेल्या या कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतांशी उजव्या हाताला आहेत. क च्याच कळीवर शिफ्टने ख, त च्याच कळीवर थ. बाराखडी येणाऱ्या माणसाला हा रोमनवरून अंदाज बांधणाऱ्या पद्धतीपेक्षा जवळचा वाटावा. रोमन पद्धतीत यंत्र आपल्या मनातला शब्द ओळखू पाहतं, आणि गावांची, माणसांची नावं तिथेच बिघडतात.

‘दिसायला बरोबर म्हणजे लिहिलेलं बरोबर’ हा समज सगळ्यांत जास्त नुकसान करतो, कारण यातली चूक दिसतच नाही. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत आणि आजही कित्येक जण देतात. दोन्ही डोळ्यांना सारखेच, पण शोधताना एक लिहिलं की दुसरं सहसा सापडत नाही. तसंच ‘दुःख’ मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाकला की यंत्राच्या लेखी त्या शब्दाची दोन शकलं होतात. जुन्या फॉन्टांत लिहिलेल्या मजकुराची तर गोष्टच वेगळी. तिथे आत रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचं रूप देतो. तो मजकूर उचलून उत्तरात चिकटवला की अगम्य खुणा उमटतात. तिथे फॉन्ट बदलून भागत नाही, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरितच करावा लागतो.

मराठी वळणाचा, पाकळीचा ल आणि देठाचा श युनिकोडमध्ये नाहीत, अशीही ओरड असते. संकेत एकच आहे, वळण फॉन्ट ठरवतो. फॉन्टमध्ये मराठी वळण असेल आणि मजकुराची भाषा मराठी नोंदवलेली असेल, तर हवा तो ल दिसतो.

मावशीच्या फोनमध्ये मी शब्द साठवायची सोय उघडून ‘कऱ्हाड’ घातलं, थोडी अक्षरं लिहिली की पूर्ण शब्द पुढे येईल असं. तिने दोनदा तो उमटवून पाहिला. मग उठली, जुन्या वहीचं एक पान फाडलं आणि वळणदार अक्षरांत यादी लिहून माझ्या हातात दिली: तऱ्हा, गुऱ्हाळ, वऱ्हाडी, बिचाऱ्या, नवऱ्याला, सातारच्या वाऱ्यावर.